घरांतील संगणक व त्याचें वेळापत्रक

लग्नघरीं मुहूर्ताची घटका मोजण्यासाठीं घटिकापात्र मांडीत असत, हें आमच्या पिढींतील पुष्कळ वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत, तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. छिद्रांतून पाणी आंत येतां येतां चोवीस मिनिटांनीं ती बुडे, आणि एक घटका भरली असें उपाध्याय सांगत. त्या वाटीला कोणाची भीड नसे. वरपक्ष रुसलेला असो कीं वधूपक्ष घाईंत असो, वाटी आपल्या वेळेलाच बुडावयाची. आणि ती बुडाल्यावर कोणी उपाध्यायांशीं भांडतहि नसे.

त्या वाटीची आठवण आम्हांला गेल्या वर्षीं घरांतील एका लहानशा प्रकरणामुळें झाली. तसलें प्रकरण पुष्कळ घरांत घडलें असेल, किंवा पुढें घडावयाचें असेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्या शिक्षकानें संगणकाच्या खात्यांविषयीं लिहावें हा अव्यापारेषु व्यापार होय, असें कोणी म्हणेल. परंतु शाळेंत इतकीं वर्षें घंटा आणि वेळापत्रक यांच्याशींच आमचा संबंध आला, आणि संगणकाचा हा प्रश्नहि, नीट तपासून पाहतां, बराचसा वेळापत्रकाचाच निघाला.

आमच्या घरीं दोन नातवंडें आहेत. नातू तेव्हां नववींत होता, नात सातवींत. २०२० सालीं करोनाच्या साथींत शाळा बंद पडून वर्ग पडद्यावर भरूं लागले, तेव्हां आमच्या चिरंजीवांनीं घरांत संगणक आणला. त्या वेळीं "संगणकापुढें नीट बस, मधेंच उठूं नको" असें मुलांना आम्हींच बजावीत होतों. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण मुलांचें बसणें कांहीं कमी झालें नाहीं. आणि ज्या तोंडानें "बस" म्हटलें त्याच तोंडानें "ऊठ" म्हणण्याची पाळी आम्हां वडीलधाऱ्यांवर आली.

मार्गशीर्षांतली गोष्ट. एका रात्रीं दीडच्या सुमारास पाणी पिण्यासाठीं आम्ही उठलों, तों बाहेरच्या खोलींत निळसर उजेड दिसला. नातू कानांना यंत्र लावून खेळांत इतका गढून गेला होता कीं, आम्ही मागें येऊन उभे राहिलों याची त्याला दादच नव्हती. "हें किती दिवस चाललें आहे?" असें विचारतां तो दचकून म्हणाला, "आजच, आजोबा." तें खरें नव्हतें. त्याच्या डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें निराळेंच सांगत होतीं.

त्याच आठवड्यांत सहामाही परीक्षेचे गुण हातीं आले. संस्कृतांत शंभरांपैकीं एकेचाळीस. आणि तेहि आजोबा घरांत असतांना! चिरंजीवांचा संताप अनावर झाला. त्यांनीं संगणकाची तार काढून कपाटांत घातली आणि "हें धूड मी विकून टाकतों" असें निक्षून सांगितलें. नातवानेंहि उलट उत्तर केलें, "मग शाळेचा प्रकल्प कशावर करूं, तें सांगा." पुढले चार दिवस बापलेक एकमेकांशीं बोलले नाहींत. ताटाला ताट लावून जेवावयाला बसत, पण मीठ पाहिजे असलें तरी तें सूनबाईंच्या मार्फत मागितलें जाई. घरांत संगणक असावा कीं नसावा यापेक्षां हा अबोला आम्हांला अधिक घातक वाटला. म्हणून चिरंजीवांकडून आम्हीं एक महिन्याची मुदत मागून घेतली आणि हें काम अंगावर घेतलें.

पहिल्याच दिवशीं आमच्या अज्ञानाची परीक्षा झाली. संगणक दुरुस्त करणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला बोलावून घेतलें. त्यानें विचारलें, "सर, घरांत खातीं किती?" आम्हीं विचारलें, "कोणत्या बँकेंत?" बिचारा हंसूं दाबीत म्हणाला, "बँकेंत नव्हे, संगणकांत." तेव्हां त्यानें जें समजावून सांगितलें तें असें.

एकच संगणक घरांतील पांच माणसें वापरीत असलीं तरी प्रत्येकाला त्यांत स्वतंत्र खातें उघडतां येतें. ज्याचें त्याचें नांव, ज्याचा त्याचा परवलीचा शब्द, ज्याचे त्याचे कागद निराळे. या खात्यांत दोन वर्ण आहेत. एक व्यवस्थापकाचें खातें, ज्याला अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आणि दुसरें साधें खातें. व्यवस्थापकाच्या हातीं सगळ्या घराच्या किल्ल्या असतात. नवीं खातीं उघडणें, दुसऱ्यांवर बंधनें घालणें, तीं काढणें, संगणकाचें घड्याळ मागेंपुढें करणें, हे सर्व अधिकार त्याचे. साध्या खात्यांतून लिहितां-वाचतां येतें, खेळतां येतें, पण या किल्ल्यांना हात लावतां येत नाहीं. आमच्या घरीं काय होतें? पांचहि जणांना मिळून एकच खातें, तें व्यवस्थापकाचें, आणि त्याचा परवलीचा शब्द म्हणजे नातवाचीच जन्मतारीख! मुलाच्या हातीं तिजोरीची किल्ली देऊन नाणीं कमी कां होतात, म्हणून आम्ही चौकशी करीत होतों.

तेव्हां ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांनीं आरंभ येथून करावा. प्रत्येकाचें खातें निराळें करावें. मुलांचीं खातीं साधीं ठेवावीं. व्यवस्थापकाच्या खात्याला मुलांना सुचणार नाहीं असा परवलीचा शब्द द्यावा, आणि तो पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवूं नये. मूल साध्या खात्यांत आलें म्हणजे घड्याळ मागें नेऊन अधिक वेळ काढण्याची जुनी युक्तिहि आपोआप बंद होते. एवढें केल्यावांचून पुढचीं सर्व बंधनें वाळूवर बांधलेलीं आहेत असें समजावें.

आतां प्रत्यक्ष वेळेचें बंधन. वैद्य औषध देतांना दोन गोष्टी सांगतो: मात्रा किती, आणि घ्यावयाची केव्हां. संगणकाच्या बाबतींतहि हेच दोन प्रकार आहेत. दिवसाकाठीं एकंदर किती वेळ, ही झाली मात्रा. आणि कोणत्या वेळापासून कोणत्या वेळेपर्यंत, हा झाला काल. नुसती मात्रा ठरवून भागत नाहीं. 'रोज दोन तास' एवढेंच म्हटलें तर मूल ते दोन तास मध्यरात्रीं घेईल. नुसता काल ठरवूनहि भागत नाहीं. 'चार ते नऊ' असें म्हटलें तर तें पांच तास पाठ न हलवितां बसेल. दोन्ही एकत्र पाहिजेत. आमच्या घरीं सायंकाळीं पांच ते साडेआठ या अवधींत मिळून दीड तास, आणि रविवारीं सकाळीं नऊ ते रात्रीं साडेआठपर्यंत मिळून अडीच तास, असें ठरलें.

ही सोय यंत्रांत कशी येत गेली तें थोडक्यांत सांगतों. विंडोज या प्रणालीची व्हिस्टा नांवाची आवृत्ति २००७ सालीं सामान्य ग्राहकांच्या हातीं आली. तिच्यांत मुलाच्या खात्यासाठीं सात वारांचा आणि चोवीस तासांचा चौकटींचा तक्ता असे. हुबेहूब शाळेच्या वेळापत्रकासारखा. जी चौकट पालकानें रंगवावी तो तास बंद. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें या कालाच्या जोडीला रोजची मात्राहि ठरवितां येऊं लागली. २०१५ सालीं विंडोज १० आल्यावर हें सर्व त्या एका यंत्रापुरतें न राहतां मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे नोंदलेल्या 'कुटुंब-गटा'कडे गेलें. त्यासाठीं मुलाचें त्या कंपनीकडे स्वतःचें खातें असावें लागतें. तसें केलें म्हणजे आईबापांना आपल्या मोबाइलवरून वेळ ठरवितां येतो, आणि वेळ संपल्यावर मुलाला जागेवरूनच जादा वेळाचा अर्ज करतां येतो. विंडोज ११ मध्यें हीच व्यवस्था आहे. जुन्या यंत्रावर विंडोज १० असेल त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, तिची नेहमींची देखभाल कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली आहे.

ज्यांना कंपनीकडे मुलाचें नांव नोंदवावयाचें नसेल, त्यांच्यासाठीं एक साधा उपाय आहे. विंडोजमध्यें 'नेट यूजर' नांवाची एक लेखी आज्ञा आहे. व्यवस्थापकाच्या खात्यांतून ती टंकून, तिच्यापुढें खात्याचें नांव आणि वार-वेळ घातली, कीं त्या वेळेबाहेर त्या खात्यांत प्रवेश मिळत नाहीं. मात्र तिला पूर्ण तासच समजतात, अर्धा तास समजत नाहीं. आणि जो आधींच आंत शिरून बसला आहे त्याला ती बाहेर काढीत नाहीं. म्हणजे ही देवडीवरची पहारेकरीण आहे, माजघरांत येऊन ती कोणाला उठवीत नाहीं. अॅपलच्या मॅक संगणकांत २०१९ पासून 'स्क्रीन टाइम' या नांवानें अशीच सोय आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठीं 'टाइमकेपीआर' आहे. आणि अँड्रॉइड मोबाइलसाठीं गूगलनें २०१७ सालीं 'फॅमिली लिंक' काढलें. नांवें निराळीं, पण मात्रा आणि काल हीं दोन तत्त्वें सर्वत्र तींच.

हें सर्व बसवून आम्ही मोठ्या समाधानांत होतों. आठच दिवसांनीं त्या समाधानाचा भंग झाला. नातीला शाळेचा निबंध रात्रीं आठच्या आंत पाठवावयाचा होता. साडेसातला तिचा दीड तास भरला आणि पडदा बंद झाला. निबंध पुसला गेला नव्हता, पण तो कुलपाआड राहिला. तिनें जादा वेळाचा अर्ज केला. तो गेला चिरंजीवांच्या मोबाइलवर, आणि ते त्या वेळीं आगगाडींत, जेथें मोबाइलला संपर्क मिळत नव्हता अशा घाटांत होते. परवलीचा शब्द दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हता. आठ वाजून गेले, आणि तीन दिवस खपून लिहिलेला निबंध घरांतच राहिला. पोर ढसढसां रडली. गुन्हा भावाचा, आणि शिक्षा बहिणीला! दोष यंत्राचा नव्हता. दोघां मुलांना डोळे मिटून एकच माप लावणाऱ्या आमचा होता. शाळेंतहि प्रयोगाच्या तासाला आणि खेळाच्या तासाला एकच घंटा आम्हीं कधीं लावली नव्हती.

त्या रात्रीं तीन सुधारणा झाल्या. पहिली, सूनबाईंना कुटुंब-गटांत दुसरी व्यवस्थापक केलें. एक परगांवीं असला तर दुसऱ्यानें दार उघडावें. दुसरी, सबंध संगणकाची मात्रा वाढवून खेळांची मात्रा निराळी आणि लहान ठेवली. तशी निरनिराळ्या खेळांवर व कार्यक्रमांवर निराळी मर्यादा घालतां येते. तिसरी, वेळ संपत आल्याची सूचना पडद्यावर दिसली कीं प्रथम काम जतन करावें आणि पाठवावयाचें तें पाठवावें, हा नियम मुलांना घालून दिला. नातीची आम्हीं क्षमा मागितली. नातीची क्षमा मागण्यांत आजोबाला कमीपणा नाहीं, हेंहि या वयांत शिकलों.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. एके दिवशीं नातवानें, उद्धटपणानें नव्हे, अगदीं शांतपणें विचारलें, "आजोबा, तुमच्या खात्याला कुलूप कां नाहीं? तुम्ही रात्रीं अकरापर्यंत कीर्तनें पाहतां." आम्ही निरुत्तर झालों. गोष्ट खरी होती. झोप येत नाहीं ही सबब सांगून आम्ही रोज अकरा-साडेअकरापर्यंत पडद्यापुढें बसत होतों; आणि पडद्यापुढें बसल्यामुळेंच झोप येत नव्हती असाहि त्याचा अर्थ होऊं शकत होता. कीर्तन हा चांगला विषय खरा; पण मुलाच्या डोळ्यांना आजोबा बसलेले दिसत होते, विषय दिसत नव्हता.

त्या वेळीं आम्हांला अनध्यायाची आठवण झाली. वेदपाठशाळेंत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना अध्ययन बंद ठेवण्याची जुनी रीति आहे. अध्ययनासारख्या पवित्र गोष्टीलाहि आपल्या पूर्वजांनीं बंदीचा काळ लावून दिला होता. म्हणजे एखाद्या गोष्टीला वेळेची मर्यादा घातली तर ती गोष्ट वाईट ठरते, असें मुळींच नाहीं. आणि दुसरें असें कीं, अनध्याय शिष्याला तसाच गुरूलाहि असे. शिष्यानें पोथी मिटावी आणि गुरूनें चालू ठेवावी, असें तेथें नव्हतें. म्हणून अनध्याय ही शिक्षा आहे असें कोणा बटूला वाटलें नाहीं. आमच्या घरच्या वेळापत्रकांत हाच एक दोष होता: तें फक्त मुलांसाठीं होतें.

दुसऱ्याच दिवशीं आमच्या खात्याला आम्हीं 'नेट यूजर'चें बंधन घालून घेतलें. रात्रीं नऊनंतर प्रवेश नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें ही आज्ञा आंत बसलेल्याला उठवीत नाहीं, म्हणून नऊच्या ठोक्याला आपण होऊन उठावें लागतें. पहिले कांहीं दिवस तें जड गेलें, हें कबूल करतों. चिरंजीवांनींहि कचेरीचें काम नसेल तेव्हां दहानंतर मोबाइल बैठकींतील फडताळांत ठेवण्याचें मान्य केलें. मग एका रविवारीं सर्वांनीं मिळून वेळापत्रक पुन्हां आंखलें, एका कागदावर लिहिलें, खालीं पांचहि जणांनीं सह्या केल्या, आणि तो कागद संगणकाशेजारीं भिंतीला लावला. परीक्षेच्या आधीं व सुटी लागल्यावर तो बदलावयाचा, असेंहि ठरलें.

कोणी म्हणेल, एवढी खटपट घरोघर कशाला, सरकारनेंच कायदा करावा. तोहि प्रयोग जगांत होऊन चुकला आहे. दक्षिण कोरियांत २०११ सालीं कायदा होऊन, सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीं बारापासून सकाळीं सहापर्यंत संगणकावरचे आंतरजालीय खेळ बंद केले गेले. परंतु मुलें वडील माणसांच्या नांवानें आंत शिरत, आणि मोबाइलवरील खेळांना तर तो कायदा लागूच नव्हता. शेवटीं १ जानेवारी २०२२ पासून तो रद्द झाला. चीननें २०२१ च्या सप्टेंबरपासून अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीचे दिवस एवढ्याच दिवशीं, रात्रीं आठ ते नऊ हा एकच तास अशा खेळांसाठीं मोकळा ठेवला. तेथील राजसत्तेचा हात लांब आहे. आपणांस तें अनुकरणीय वाटत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं अगदीं लहान मुलांपुरता सल्ला दिला आहे, तो मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे: एक वर्षाच्या आंतील बालकाला पडदा मुळींच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठीं एक तासाहून अधिक नको.

या सर्वांपेक्षां आमच्या सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्याचें उदाहरण आम्हांला अधिक मोलाचें वाटतें. तेथें २०२२ सालीं गांवानें ठरविलें कीं, रोज सायंकाळीं सातला भोंगा वाजला कीं घरोघरचे दूरचित्रवाणी-संच आणि मोबाइल बंद व्हावयाचे, आणि साडेआठपर्यंत मुलांनीं अभ्यास, वाचन करावयाचें. त्या दीड तासाला कायद्याचा आधार नव्हता. आधार होता तो एवढाच कीं, भोंगा सर्वांसाठीं एकच होता; मोठ्यांनाहि तो ऐकावा लागे. अनध्यायाचें तत्त्व एका खेडेगांवानें, पोथी न उघडतां, बरोबर ओळखलें.

आमच्या घरचें फलित काय, असें वाचक विचारतील. चमत्कार झाला नाहीं. वार्षिक परीक्षेंत नातवाला संस्कृतांत त्रेसष्ट गुण मिळाले. आजोबाच्या मनांत होते त्याहून कमीच. मित्राच्या घरीं जाऊन तो अधूनमधून खेळतो, हेंहि आम्हांला ठाऊक आहे. तेथें आमचें वेळापत्रक चालत नाहीं आणि चालवूंहि नये. परंतु वैशाखांत एके दिवशीं तो वडिलांसमोर येऊन म्हणाला, "बाबा, आज मित्राचा वाढदिवस आहे, सगळे मिळून खेळणार आहेत. अर्धा तास जास्त द्याल का?" चिरंजीवांनीं घड्याळाकडे पाहिलें आणि पाऊण तास दिला. जें पूर्वीं चोरून घेतलें जात होतें तें आतां मागितलें जाऊं लागलें, आणि जें पूर्वीं हिसकावून घेतलें जात होतें तें दिलें जाऊं लागलें. बापलेकांचें बोलणें पुन्हां सुरू झालें, हें आम्हांला त्रेसष्ट गुणांहून अधिक वाटतें.

त्याच रात्रीं निजावयाला जातांना नातू आमच्या खोलीच्या दाराशीं थबकला. म्हणाला, "आजोबा, त्या दिवशीं मी 'आजच' म्हणालों होतों ना, तें खोटें होतें. दिवाळीपासून चाललें होतें." आम्हीं म्हटलें, "ठाऊक होतें. जा, झोप आतां." तो गेला. बाहेरच्या खोलींत अंधार होता.

ज्या वाचकांना घरीं हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं एखादा रविवार निवडावा, मुलांना जवळ बसवावें, आणि संगणकाच्या आधीं कागद घ्यावा. कागदावर पहिलें नांव स्वतःचें घालावें. पुढचें काम यंत्र करील.